कुंडी मी मुद्दाम टाकली नव्हती, मग गुन्हा कसा?

"वकीलबाई, नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. मला झाडांची फार आवड. बेडरूमच्या खिडकीबाहेर कट्ट्यासारखी जागा आहे, तिथे माझ्या सहा कुंड्या होत्या. पुढे लोखंडी जाळी होती. मार्चमध्ये सोसायटीचं रंगकाम निघालं तेव्हा रंगाऱ्यांनी ती काढली आणि परत लावलीच नाही. मी एकदा सेक्रेटरींना बोलले, मग राहून गेलं. 'बाहेरच्या कुंड्या आत घ्या' असं सर्क्युलर जानेवारीतच निघालं होतं. एप्रिलमध्ये माझ्या नावाने चिठ्ठीही आली. घेते, घेते म्हणत राहिले. मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं आणि कढीपत्त्याची सिमेंटची कुंडी खाली गेली. तिसऱ्या मजल्यावर कामाला येणाऱ्या मावशी तेव्हाच बाहेर पडत होत्या. डोकं वाचलं, पण कुंडी खांद्याला चाटून गेली आणि कॉलरबोन मोडलं. हवालदार हॉस्पिटलमध्ये त्यांचा जबाब घेऊन गेले. आम्हाला सोमवारी बोलावलंय. शेजारी म्हणतात, २० हजार द्या आणि स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. मिस्टर म्हणतात, कुंड्या आईच्या होत्या असं सांगू, ७८ वर्षांच्या म्हातारीला कोण काय करणार? गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज काढून टाकता येईल का, असंही त्यांनी सेक्रेटरींना विचारलंय. मी मुद्दाम काहीच केलं नाही. तरी हा गुन्हा होतो का? रात्र रात्र झोप नाही."

— घोडबंदर रोडवरची एक वाचक

ताई,

गुन्हा होतो. हे आधीच सांगते, कारण सोमवारी तुम्ही 'मुद्दाम केलं नाही' या एका वाक्याच्या भरवशावर पोलीस ठाण्याची पायरी चढू नये. ते वाक्य खरं आहे. माझा त्यावर विश्वास आहे आणि पोलिसांचाही बसेल. मुद्दाम टाकली असती तर प्रकरण वेगळ्याच कलमांत गेलं असतं. पण हेतू नसतानाही घडतात असे काही गुन्हे कायद्याने फार पूर्वीपासून मानले आहेत, आणि ते बहुतेक वेळा कोणाचं वाईट न चिंतणाऱ्या माणसांच्याच हातून घडतात.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम १२५ तुमच्या बाबतीत लागेल. दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल इतक्या अविचाराने किंवा हयगयीने कोणी काही केलं, तर एवढ्यावरच ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातून कोणाला दुखापत झाली तर ६ महिने किंवा ५,००० रुपये. आणि गंभीर दुखापत झाली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येतच गंभीर दुखापत आहे. ते बोटाचं मोडलं की कॉलरबोन, यावर वाद घालायला जागा नाही. म्हणजे तुमचं प्रकरण या तिसऱ्या पायरीवर आहे.

पहिली पायरी पुन्हा वाचा, ताई. कोणाला काही लागलं नसतं, कुंडी रिकाम्या पार्किंगमध्ये फुटली असती, तरी कलम १२५ होतंच. मावशींचं हाड मोडलं तेव्हा शिक्षेचा आकडा वाढला. चूक मात्र त्या संध्याकाळची नाही. जाळी निघाली आणि कुंड्या तशाच राहिल्या, तेव्हापासूनची आहे. आणि कुंडी वीतभर आत पडली असती, तर आज आपण कलम १०६ बद्दल बोलत असतो: हयगयीने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत कैद. तुमच्या वागण्यात तेव्हाही तसूभर फरक नसता.

अविचार आणि हयगय हे दोन शब्द पोलिसांच्या कागदात एका दमात लिहिले जातात, पण ते वेगळे आहेत. पुढे धोका आहे हे कळत असूनही 'काही होत नाही' म्हणून जो रेटतो, तो अविचार. ज्याने धोका ओळखायला हवा होता, काळजी घ्यायला हवी होती, पण ज्याचं लक्षच नव्हतं, त्याची हयगय. उलट्या दिशेने बाइक घालणारा पहिल्या जातीचा, दगड न लावता उतारावर टेम्पो उभा करून चहाला जाणारा दुसऱ्या. तुमच्या बाबतीत सरकारी वकील दोन्ही म्हणतील, आणि त्यांच्या हातात तुमच्याच नावाची एप्रिलची चिठ्ठी असेल. साधारण सावध माणूस तिथे काय करता, हे कोर्ट पाहतं. त्या साधारण माणसाला धोका कळला असता का, असा प्रश्न एरवी निघतो. तुम्हाला तर तो लिहून कळवला होता.

हे टोचेल, तरी एक हिशोब सांगते. सातवा मजला म्हणजे जमिनीपासून साधारण २० मीटर. तिथून सुटलेली वस्तू २ सेकंदांत खाली येते आणि जमिनीजवळ तिचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. संध्याकाळच्या घोडबंदर रोडवर रिक्षासुद्धा त्या वेगाने जात नाही. माती आणि झाडासकट सिमेंटची मध्यम कुंडी सहज ४-५ किलोची. अशा खटल्यांतला मुद्देमाल मी कोर्ट नाक्यावर २० वर्षं बघते आहे. खाकी कागदाची पुडी असते, वर पंचांच्या सह्यांचं लेबल, आत कुंडीचा काठ, सुकलेली मुळं आणि एखाद्या वेळी गंजलेल्या तारेचा तुकडा. ती तार कोणीतरी चांगल्या मनाने, कुंडी हलू नये म्हणूनच बांधलेली असते. पुडी टेबलावर उघडली की आरोपी आधी त्या तारेकडेच बघतो.

आता वारा. 'वाऱ्याने पडली' हे तुम्ही पत्रात लिहिलंय आणि पोलीस ठाण्यातही सांगाल. सांगा, कारण ते खरंच घडलं. पण त्याला ढाल करू नका. संहितेच्या कलम १८ मध्ये अपघाताचा बचाव आहे, पण त्याला अटी आहेत: काम कायदेशीर हवं, गैरहेतू किंवा गैरजाणीव नको, आणि योग्य ती काळजी व सावधगिरी घेतलेली हवी. जाळी नसलेल्या कट्ट्यावर तुम्ही कोणती सावधगिरी घेतली होती, असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही. आणि मे अखेरीस ठाण्यात वळीव येतो हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. घाटकोपरला १३ मे २०२४ ला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हाही धुळीचं वादळ होतं. तरी गुन्हा दाखल झाला तो सदोष मनुष्यवधाचा. परवानगी असते ४० बाय ४० फुटांची आणि तिथे उभं होतं १२० बाय १२० फुटांचं. दरवर्षी येणारं वारं कोर्ट सहसा 'दैवी आपत्ती' मानत नाही. वाऱ्याची वाट पाहत काय उभं करून ठेवलं होतं, याकडे त्याचं लक्ष असतं. तुमची कुंडी आणि ते होर्डिंग एका तराजूत मी घालत नाही. शिळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ ला सात मजली अनधिकृत इमारत पडून ७४ जण दगावले, त्याच्याशीही नाही. तिथे माणसं मरतील याची जाणीव होती, असा आरोप असतो. तुमच्या बाबतीत तसं कोणी म्हणणार नाही.

तुमच्या बाजूचंही बोलते. २००५ मध्ये डॉक्टरांच्या निष्काळजीपणाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुकसानभरपाईसाठी पुरेल एवढी हयगय फौजदारी शिक्षेला पुरत नाही. ती ढळढळीत, मोठ्या दर्जाची असावी लागते. तुमचे वकील हा मुद्दा नक्की मांडतील. रंगाऱ्यांनी जाळी काढली, सोसायटीने ती परत बसवून घेतली नाही, हेही मांडतील, आणि मांडायलाच हवं. इमारतीच्या दुरुस्तीत लोकांच्या जिवाची काळजी न घेणं हा कलम २९० खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे तपासात ठेकेदाराला आणि कमिटीलाही प्रश्न विचारले जाऊ शकतात. हयगय आणि इजा यांच्यात थेट नातं हवं, ती त्या इजेचं जवळचं कारण असायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या आगीच्या खटल्यात सांगितलं होतं. आगीत सात कामगार गेले होते, तरी मालकाला मृत्यूच्या कलमातून त्याच कारणाने सोडलं. पण तुमच्या कुंडीच्या आणि मावशींच्या खांद्याच्या मध्ये दुसरं कोणी आलेलं नाही. रंगाऱ्याने जाळी काढली, कुंडी ठेवली तुम्ही. त्याचा दोष निघाला म्हणून तुमचा धुतला जात नाही. दोघंही आरोपी होऊ शकता.

तुरुंगाची भीती मात्र जरा कमी करा. कलम १२५ दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. पण ते जामीनपात्रही आहे. अशा गुन्ह्यात बहुतेक वेळा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (हा तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा वेगळा कायदा) कलम ३५ ची नोटीस देऊन चौकशीला बोलावतात. अटक झालीच तर जामीन हा तुमचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. पहिला गुन्हा, वागणूक चांगली, जखमीची काळजी घेतलेली, या सगळ्याचा शिक्षा ठरवताना विचार होतो. निकाल काय लागेल हे मी सांगणार नाही, आणि जो वकील आजच छातीठोक सांगेल त्याच्याकडे जाऊ नका.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी तिथे वाटली.

सासूबाईंचं नाव सांगायचं नाही. फौजदारी जबाबदारी ज्याच्या त्याच्यापुरती असते. फ्लॅट कोणाच्या नावावर, घरात वडीलधारं कोण, याला इथे किंमत नाही. कुंड्या कोणी ठेवल्या, पाणी कोण घालायचं, चिठ्ठी कोणी घेतली, हे पाहिलं जातं. चिठ्ठीवर तुमचं नाव आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंना माहीत आहे की रोज सकाळी पाणी तुम्ही घालता, कारण ते त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं असेल. खोटा जबाब दोन दिवसांत उघडा पडेल, आणि मग तपास करणाऱ्याला तुमच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवता येणार नाही. हयगय मान्य करणाऱ्या माणसाकडे कोर्ट ज्या नजरेने बघतं, ती नजर तुम्ही गमावून बसाल. आणि ७८ व्या वर्षी त्या माऊलीला पंचनाम्याला उभं करायचं, कोर्टाच्या तारखांना आणायचं? कायदा सोडून द्या. घर म्हणून हे शोभत नाही, असं तुम्हीच त्यांना सांगा. माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

फुटेजचं तर बोलूच नका. पुरावा म्हणून लागणारा कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. बघा, मूळ हयगयीला जेवढी शिक्षा, तेवढीच ती लपवण्याला. आणि हा दुसरा गुन्हा मुद्दाम केलेला असेल. आज तुम्ही जे वाक्य मला लिहून पाठवलंय, 'मुद्दाम केलं नाही', ते त्या दिवसापासून तुम्हाला म्हणता येणार नाही. सेक्रेटरींना तुम्ही स्वतः आजच दोन ओळी लिहून द्या: त्या संध्याकाळचं फुटेज जपून ठेवा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी स्वतःवरच पुन्हा लिहिलं जातं, त्यामुळे उशीर नको. त्यात वाऱ्याचा जोर दिसेल, तुम्ही धावत खाली आला असाल तर तेही दिसेल. फुटेज तुमच्या विरोधातच जाईल असं गृहीत कशाला धरायचं?

स्टॅम्प पेपर. हा सल्ला ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीत कोणी ना कोणी देतो, आणि प्रत्येकाला वाटतं की पाचशेच्या पेपरला फार ताकद असते. 'मी तक्रार करणार नाही' असं पैसे देऊन लिहून घेतलेला करार कायद्याच्या नजरेत टिकत नाही, आणि पोलिसांना तर तो बांधतच नाही. हॉस्पिटलने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची इजेची नोंद, केली, जबाब झाला. आता हे प्रकरण तुमच्या दोघींपुरतं राहिलेलं नाही. तडजोडीला वाट आहे, पण ती कोर्टातून जाते. हयगयीने गंभीर दुखापतीचा गुन्हा जखमी व्यक्ती कोर्टाच्या परवानगीने मिटवू शकते. तिथे न्यायाधीश मावशींना समोर उभं करून विचारतात की दबाव आहे का. जिना उतरताना चार जणांनी घेरून घेतलेली सही तिथे उपयोगाची नाही, उलट नुकसानाची आहे.

मावशींबद्दल तुम्ही पत्रात एवढंच लिहिलंय की कॉलरबोन मोडलं. त्या किती घरी काम करतात, घरी कोण आहे, काही कळलं नाही. तुम्हालाही बहुधा माहीत नसेल. त्या तुमच्याकडे कामाला येत नव्हत्या. कॉलरबोन मोडलेल्या बाईला निदान दीड महिना हात गळ्यात अडकवून बसावं लागतं, आणि पुढे बरेच दिवस बादली उचलता येत नाही, फरशी पुसता येत नाही. त्यांच्या कामात रजेचा पगार नसतो. एखाद्या घराने दुसरी बाई लावली की ते घर गेलं. २० हजार हा आकडा कुठून आला? तुमच्या शेजाऱ्यांनी तो मावशींच्या बुडालेल्या महिन्यांवरून काढला, की तुमच्या घराला परवडेल असा काढला?

हॉस्पिटलचं बिल, औषधं, एक्स-रे, फिजिओथेरपी यांचे पैसे थेट द्या, पावत्या ठेवा. बुडालेल्या कामाचे पैसे दर महिन्याला त्यांच्या खात्यावर टाका. बदल्यात काही लिहून घेऊ नका, काही कबूलही करून घेऊ नका. खर्च दिला म्हणून तुम्ही गुन्हा कबूल केलात, असा अर्थ कोर्ट आपोआप काढत नाही. तरी तुमच्या वकिलांना सांगून करा. भेटायला एकट्या जा. मिस्टर नको, कमिटीतले काका तर मुळीच नको. चार जण गेले की त्या बाईला वाटणार, दम द्यायला आलेत.

आणखी एक सांगते, जे तुमच्या शेजाऱ्यांना आवडणार नाही. मावशींना सांगा की त्यांनाही वकील मिळू शकतो, तोही फुकट. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही. तुम्ही म्हणाल, स्वतःच्या विरोधात मी कशाला वाट दाखवू? कारण त्यांच्याकडे स्वतंत्र वकील असेल तरच पुढे होणारी तडजोड खरी तडजोड असेल. मी तुमची वकील असते तरी हेच सांगितलं असतं. समोरच्याला समजून-उमजून दिलेली संमती कोर्टात टिकते, आणि तुम्हाला टिकणारी तडजोड हवी आहे.

आता आजपासूनचं. उरलेल्या पाच कुंड्या अजून बाहेर आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यानेच माझा जीव घाबरा झाला. पंचनामा व्हायचा असेल म्हणून थांबलात का? थांबू नका. दोन शेजाऱ्यांना बोलवा, कट्ट्याचे, जाळीच्या खुणांचे, कुंड्यांच्या जागांचे फोटो आणि व्हिडिओ घ्या, तपास करणाऱ्या हवालदारांना फोन करून कळवा आणि कुंड्या आत घ्या. आज रात्रीच. कट्टा, जाळीचे बोल्ट, पडलेले तुकडे यांना मात्र हात लावू नका. रंगाऱ्यांचं बिल, जाळीबद्दल सेक्रेटरींशी बोलणं झालं त्या दिवसाचा एखादा मेसेज, जानेवारीचं सर्क्युलर आणि एप्रिलची चिठ्ठीसुद्धा एका फाइलमध्ये ठेवा. चिठ्ठी फाडायचा मोह होईल. तिची दुसरी प्रत सोसायटीच्या दप्तरात आहे.

सोमवारी वकील बरोबर घेऊन जा. जे विचारतील ते सरळ सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाजाने तारखा देऊ नका. जबाब मराठीत लिहिला जाईल. तो पूर्ण वाचा. 'हयगयीने' हा शब्द तुमच्या तोंडी घातलेला असेल, तर तो शब्द पोलिसांचा आहे हे ध्यानात ठेवा. तुम्ही काय पाहिलंत, काय केलंत, काय राहून गेलं, तेवढंच तुमच्या शब्दांत लिहून द्या. 'राहून गेलं' हे तुम्ही मला पत्रात लिहिलंत तसंच.

आणि सासूबाईंना त्या दिवशी घरीच राहू द्या.